रिम सगळ्यात शेवटी: फोर बाय फोरला टायर आणि रिमचं माप कसं ठरवायचं

जिमनी किंवा थार घरी आली की दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. ‘रिम घेतल्या, चांगल्या भावात मिळाल्या. आता यांवर कुठला टायर बसेल?’ इथे गाडं उलट्या बाजूने जुंपलेलं असतं. रिम आधी घेतली की टायर रिमच्या तालावर निवडावा लागतो, आणि मग टायर बसवण्यासाठी बंपर काप, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं लायनर काढ, रिमच्या मागे स्पेसरची चकती टाक, सस्पेन्शन उंच करून लिफ्ट कर असं एकामागून एक सुरू होतं. यातला निम्मा खर्च मापं योग्य क्रमाने घेतली असती तर करावाच लागला नसता.

मीही पहिल्या सेटच्या वेळी हीच चूक केली. दुकानात गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवून पाहिलं. कुठे काही घासत नव्हतं. पहिल्याच शनिवारी चार माणसं आणि मागे सामान घेऊन ताम्हिणी उतरताना प्रत्येक तीव्र वळणाला पुढून ‘खर्रर्र’ आवाज येऊ लागला. विळ्यात थांबून वाकून पाहिलं, तर टायरच्या खांद्यावरचे दोन ठोकळे अर्धे सोलले गेले होते आणि बंपरच्या मागचं प्लास्टिक क्लिपमधून निघून लोंबत होतं. टायर नऊ दिवसांचा होता.

त्यामुळे खालचा क्रम पाळा: आधी व्यास, मग टायरची रुंदी, मग त्या रुंदीला चालणारी रिमची रुंदी, मग रिमची नटांची भोकं आणि बोअर म्हणजे मधलं मोठं भोक, मग ऑफसेट म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते, मग भार. यानंतर एका चाकावर चाचणी, आणि ती पास झाली तरच पाच चाकांचे पैसे. आकडेमोड मुख्यतः जिमनीची दिली आहे, कारण तिची मापं मला पाठ आहेत. थारचं गणित जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे. पद्धत मात्र कुठल्याही गाडीला हीच.

## सुरुवातीची तयारी

घरच्या घरी होणारं काम आहे. लागतं ते इतकंच: मेट्रिक टेप, गवंड्याचा ओळंबा, साधारण मीटरभर लांब सरळ ॲल्युमिनियमची पट्टी, खडू, थोडा गेरू, वही, जॅक, चाकांना लावायला दोन लाकडी ठोकळे, टॉर्क पाना, हवेचा चांगला गेज आणि बॅगा तोलायचा लटकता काटा. जागा सपाट आणि सिमेंटची हवी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण ओळंब्याचं माप बिघडवतो.

कामाला लागण्यापूर्वी चारही चाकांत दाराच्या पट्टीवरच्या आकड्याइतकी हवा भरा. टायर थंड असताना. हवा कमी असलेल्या टायरवर घेतलेलं प्रत्येक माप खोटं येतं.

## १. आज गाडीवर काय आहे ते लिहून काढा

तीन ठिकाणी वाचायचं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरची पट्टी, टायरची भिंत आणि रिमची आतली बाजू.

जिमनीच्या टायरवर १९५/८० आर १५ ९६एस असं लिहिलेलं असतं. १९५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ८० म्हणजे भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे रिमचा इंचातला व्यास. ९६ हा भाराचा अंक, एस हे वेगाचं अक्षर. सगळ्यात जास्त गफलत या दुसऱ्या आकड्यात होते. ‘७५ आहे, म्हणजे ८० पेक्षा भिंत कमी’ असं लोक सांगतात. पण २१५ चे ७५ टक्के म्हणजे १६१ मिमी, आणि १९५ चे ८० टक्के म्हणजे १५६. टक्का उतरला, तरी भिंत वाढली.

रिमच्या आत १५ × ५.५जे असं काही कोरलेलं असतं. ५.५ ही रिमची इंचातली रुंदी. शेजारी ‘ईटी’ किंवा ‘इनसेट’ आणि एक आकडा असेल, तर तो ऑफसेट. जिमनीच्या मूळ रिमचा ऑफसेट +५ आहे.

भिंतीवर लंबगोलात चार अंकही सापडतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. नवे टायर घेताना हे अंक पाचही टायरवर वाचायचे आहेत, हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

तपासा: दाराच्या पट्टीवरचं माप आणि गाडीवरच्या टायरचं माप एकच आहे का? गाडी जुनी घेतली असेल, तर आधीच्या मालकाने टायर बदललेले असू शकतात. पुढची सगळी तुलना पट्टीवरच्या मापाशी करायची, सध्याच्या टायरशी नाही.

## २. गाडी खरोखर कुठे चालते?

महिनाभराच्या किलोमीटरचा खरा हिशोब मांडा. ऑफिस, भाजी, गाव आणि महिन्यातून एक कच्चा रस्ता असं असेल, तर मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा मोठ्या नक्षीचा टायर घेऊ नका. ओल्या डांबरावर आणि गुळगुळीत काँक्रीटवर त्याची पकड कमी पडते, आवाज करतो, जड असतो आणि लवकर झिजतो. बहुतेकांना चांगला ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचा टायर पुरतो.

आपल्याकडे एक गोष्ट जमेस धरावी लागते. सह्याद्रीतला दगड बसाल्टचा. फुटला की कडा धारदार येतात, आणि त्या जमिनीला टेकणाऱ्या नक्षीला नाही, भिंतीला कापतात. म्हणून घाटमाथ्यावर फिरणाऱ्याने रुंदीच्या आधी भिंतीची उंची आणि मजबुती पाहावी. कोकणातला तांबडा चिखल निसरडा, पण टायर फिरला की बराचसा निघून जातो. देशावरची आणि मराठवाड्यातली काळी माती पावसात नक्षीत अशी भरते की टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. तिथे नक्षीतल्या मोकळ्या जागा मोठ्या लागतात. वर्षातून पंधरा-वीस दिवस खरोखर काळ्या रानात गाडी जाणार असेल, तरच मड टेरेनचा विचार करा.

## ३. व्यास ठरवा

सूत्र सोपं आहे. रुंदी गुणिले टक्का, ही भिंतीची उंची. तिची दुप्पट करा, त्यात रिमचा इंच गुणिले २५.४ मिळवा.

जिमनीचा मूळ टायर: १५६ दुणे ३१२, अधिक ३८१, म्हणजे ६९३ मिमी.
२१५/७५ आर १५: ७०३.५ मिमी. वाढ १.५ टक्के.
२३५/७५ आर १५: ७३३.५ मिमी. वाढ ५.८ टक्के.

मूळ व्यासाच्या तीन टक्के वर-खाली ही मर्यादा धरून चला. तेवढ्यात स्पीडोमीटर, ब्रेक, गिअरिंग आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा सहसा तक्रार करत नाहीत. ५.८ टक्के वाढीत मीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी साधारण ८५ ने धावत असते. त्याहून जास्त त्रास चढावर होतो. प्रत्येक गिअर तितकाच ‘लांब’ होतो, आणि छोट्या इंजिनाच्या गाडीला घाटात तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर टाकावा लागतो.

अजून एक हिशोब लोक विसरतात. व्यास १०.५ मिमी वाढला की गाडी त्याच्या निम्म्यानेच उचलली जाते, म्हणजे ५ मिमी. २३५ चा टायर टाकूनही जमिनीपासूनची उंची फक्त २० मिमी वाढते. दोन सेंटिमीटरसाठी पुढची सगळी उठाठेव करायची आहे का, हा प्रश्न इथेच विचारून घ्या. मी विचारला असता, तर २१५ वर थांबलो असतो.

थारचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. २०२० साली आलेल्या थारला कंपनीनेच दोन मापं दिली: अलॉयवर २५५/६५ आर १८ आणि स्टीलच्या रिमवर २४५/७५ आर १६. व्यास अनुक्रमे ७८९ आणि ७७४ मिमी, फरक दोन टक्क्यांच्या आत. पण भिंत पाहा: १८ इंचीवर १६६ मिमी, १६ इंचीवर १८४ मिमी. दगडांत चालवायचं असेल, तर छोटी रिम आणि उंच भिंत केव्हाही उजवी. हवा कमी केल्यावर वाकायला तिच्याकडे जागा असते आणि रिमची कड दगडाला लागत नाही. थारला अजून एक माप हिशोबात बसतं, २६५/७० आर १७. व्यास ८०३ मिमी, म्हणजे १८ इंचीच्या मूळ मापापेक्षा १.८ टक्के जास्त.

सावधान: हे सगळे कागदावरचे व्यास. एकाच मापाचे दोन वेगवेगळ्या बनावटीचे टायर प्रत्यक्षात पाच-दहा मिलिमीटरने वेगळे निघतात. निवडलेल्या टायरच्या माहितीपत्रकातला प्रत्यक्ष व्यास आणि प्रत्यक्ष रुंदी मागून घ्या आणि पुढचं गणित त्या आकड्यांनी करा.

## ४. टायरची रुंदी आणि त्याला चालणारी रिम

प्रत्येक टायर ठराविक रुंदीच्या रिमवरच बसवायचा असतो. हा पल्ला बनवणारा ठरवतो, दुकानदार नाही.

१९५/८० आर १५ साठी ५ ते ६.५ इंच.
२१५/७५ आर १५ साठी ५.५ ते ७ इंच.
२३५/७५ आर १५ साठी ६ ते ८ इंच.
२४५/७५ आर १६ साठी ६.५ ते ८ इंच.
२५५/६५ आर १८ आणि २६५/७० आर १७ साठी ७ ते ९ इंच.

आता जिमनीच्या मूळ ५.५ इंची रिमकडे पाहा. २१५ तिच्यावर नियमात बसतो, अगदी कडेला का होईना. २३५ बसत नाही. तरीही हा जोड रस्त्यावर सर्रास दिसतो, कारण टायर रिमवर चढतो, हवा धरतो आणि दिसायला गुबगुबीत दिसतो. चढला म्हणजे बसला असं नाही. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की भिंती आत ओढल्या जातात, नक्षी मधोमध फुगते आणि मधूनच झिजते. वळणात टायर रिमवर डोलतो. आणि कच्च्या रस्त्यावर हवा १८ पीएसआयवर आणली की कड रिमवरून निसटण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या कामासाठी टायर घेतला, तिथेच तो दगा देतो.

उलट बाजूही आहे. रिम अर्ध्या इंचाने रुंद केली की तोच टायर साधारण ५ मिमीने रुंद होतो. ऑफसेटच्या गणितात हे पाच मिलिमीटर धरायला विसरू नका.

तपासा: टायरचं माप, त्याचा रिमचा पल्ला आणि तुमच्या रिमची रुंदी एका ओळीत लिहा. रुंदी पल्ल्याच्या बाहेर असेल, तर पुढे जाऊ नका. टायर बदला किंवा रिम बदला.

## ५. भोकं, बोअर आणि नट

मूळ रिमवरच टायर बसणार असेल, तर हा टप्पा सोडून द्या.

पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. पाच भोकांच्या रिमवर तो थेट मोजता येत नाही, कारण समोरासमोर भोकं नसतात. एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत घ्या आणि १.०५१ ने गुणा. जिमनीवर हे अंतर सुमारे १३३ मिमी भरतं, आणि पीसीडी १३९.७ येतो. जुन्या जिप्सीचाही पीसीडी हाच. पण म्हणून जिप्सीची रिम उचलून जिमनीला लावायची नाही. पीसीडी जुळला म्हणजे फक्त भोकं जुळली. बोअर आणि ऑफसेट तपासायचे राहिलेच.

बोअर म्हणजे मधलं मोठं भोक. रिम ज्यावर बसते त्या जिमनीच्या हबला सुमारे १०८ मिमीचं लागतं. लहान असेल तर रिम बसणारच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. मोठं असेल तर बसते, आणि ही चूक कळत नाही. रिम हबवर न टेकता नुसती नटांवर तोलली जाते, आणि ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. लोक तीन-तीन वेळा बॅलन्सिंग करून येतात. तिथे हब आणि बोअरमधली फट भरणारी रिंग लागते, बॅलन्सिंग नाही.

नटांचं दोन प्रकारे पाहायचं. पहिलं, बैठक, म्हणजे नट रिमला टेकतो तो भाग: निमुळती, गोल की सपाट. मूळ रिमची बैठक एक आणि नव्या रिमची दुसरी असेल, तर जुने नट वापरायचे नाहीत. दुसरं, आटे. सुझुकीचे स्टड (नट ज्यांवर फिरतात ते बोल्ट) १२ मिमीचे आणि आटे १.२५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर, तर टोयोटासारख्या बऱ्याच गाड्यांना १.५ पिच लागतो. चुकीचा नट एक-दोन आटे हाताने फिरतो आणि अडतो. दुकानातला पोरगा तिथे एअर गन लावतो, आणि स्टडचे आटे संपतात.

सावधान: पहिले पाच-सहा आटे प्रत्येक नट हातानेच फिरला पाहिजे. अडला तर थांबवा. गनला हात लावू देऊ नका.

## ६. ऑफसेट

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हा टप्पा सावकाश वाचा.

रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी पाठ यांच्यातलं अंतर म्हणजे ऑफसेट. पाठ बाहेरच्या बाजूला असेल तर अधिक, आतल्या बाजूला असेल तर उणे. अधिक आकडा वाढला की चाक आत जातं, उणे वाढला की बाहेर येतं. रिमवर आकडा कोरलेला नसेल, तर ती तोंडावर पालथी घाला. वरच्या कडांवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पाठीपर्यंत खोली मोजा. त्यातून रिमच्या कडेपासून कडेपर्यंतच्या पूर्ण रुंदीचा निम्मा भाग वजा करा. उरतो तो ऑफसेट.

आता खरं गणित. सोपं राहावं म्हणून रिम रुंद झाल्यावर वाढणारे ते पाच मिलिमीटर खालच्या ओळींत धरलेले नाहीत. टायरच्या निम्म्या रुंदीतून ऑफसेट वजा केला की हबपासून टायर किती बाहेर येतो ते कळतं. मिळवला की किती आत जातो ते.

जिमनीचा मूळ जोड, १९५ आणि +५: बाहेर ९२.५, आत १०२.५.
मूळ रिमवर २१५: बाहेर १०२.५, आत ११२.५. दोन्हीकडे १० मिमी वाढ.
६ इंची रिम, ऑफसेट शून्य, २१५: बाहेर १०७.५, आत १०७.५. बाहेर १५ वाढले, आत फक्त ५.
तीच रिम, ऑफसेट उणे २०: बाहेर १२७.५, आत ८७.५. बाहेर तब्बल ३५ वाढले, आत १५ कमी झाले.

शेवटची ओळ दुकानात सगळ्यांना आवडते, कारण गाडी रुंद आणि दणकट दिसते. माझ्या त्या पहिल्या सेटचा ऑफसेट असाच होता. चाक बाहेर आलं की वळताना ते मोठ्या वर्तुळात फिरतं. टायरची पुढची कड बंपरच्या कोपऱ्याला आणि मागची कड दाराच्या खालच्या भागाला गाठते. आत जागा भरपूर मोकळी असूनही घासतं. खड्ड्यात गेल्यावर स्टेअरिंगला झटका बसतो, बेअरिंगवर ताण येतो, आणि मडगार्डच्या बाहेर आलेला टायर शेजारच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर दगड आणि चिखल उडवतो. फक्त एवढ्यासाठीही ते टाळायला हवं.

उलट, चाक फार आत गेलं तर पूर्ण वळवल्यावर जिमनीत पुढच्या ॲक्सलच्या लांब दांड्याला लागतं. थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे वरचा विशबोन (सस्पेन्शनचा दांडा) आणि ब्रेकचा होज (रबरी नळी) पाहायचा. प्लास्टिक घासलं तर आवाज तरी येतो. होज मात्र गुपचूप घासतो, म्हणून तो आधी पाहा.

गाडीवर जागा किती आहे हे ओळंब्याने मोजा. मडगार्डच्या सगळ्यात बाहेरच्या कडेवरून दोरी सोडा, आणि हबच्या उंचीला दोरीपासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं अंतर घ्या. चारही चाकांना. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटर फरक निघाला तर दचकू नका. दोन्हीकडे सबंध ॲक्सल असलेल्या गाडीत तो असतो, आणि लिफ्ट केल्यावर वाढतो, कारण आडवा दांडा ॲक्सलला एका बाजूला ओढतो. जिथे जागा कमी आहे, ती बाजू धरून माप ठरवा.

सावधान: ‘ऑफसेट जुळत नसेल तर स्पेसर टाकू’ हा सल्ला ऐकू नका. अडचण रिमची आहे, ती रिमनेच सोडवा.

## ७. भार, वेग आणि एलटी

नव्या टायरचा भाराचा अंक पट्टीवरच्या अंकापेक्षा कमी नको. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००, १११ म्हणजे १०९०. वेगाच्या अक्षरांत क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०, टी १९०. मड टेरेनला बहुधा क्यू असतो. मूळ अक्षरापेक्षा खालचं घ्यावं लागत असेल, तर आधी गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याला परवानगी आहे का ते पाहा.

मापाच्या आधी एलटी लिहिलेलं असेल, तर तो हलक्या मालवाहू गाडीच्या बनावटीचा. भिंत जाड, दगडाला चांगला, पण जड आणि कडक. यावर १००/९७ असे दोन अंक दिसतात. पहिला एकेरी चाकाचा, तोच आपला. तेवढाच भार उचलायला एलटीला हवा जास्त लागते, त्यामुळे दाराच्या पट्टीवरचा आकडा त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. बनवणाऱ्याचा भार-हवेचा तक्ता मागा.

आणि वजन करा. लटकत्या काट्याला मूळ चाक अडकवून तोला, मग नवं. एका चाकाला पाच-सात किलो वाढले, तर ब्रेक लांबतो, शॉक ॲब्सॉर्बर लवकर बसतात आणि मायलेज पडतं.

## ८. एका चाकावर चाचणी

पाचचे पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा: एक टायर एका रिमवर चढवा, माझ्या गाडीला पुढे लावा, मी तपासतो. चांगला दुकानदार ऐकतो. नाही म्हणाला, तर त्याच मापाची जोडी आधीच लावलेली तुमच्याच मॉडेलची गाडी शोधा आणि तिच्यावर तपासा. दोन्ही जमत नसेल, तर दुसरं दुकान पाहा.

क्रम असा.

क. बंपरच्या मागचं प्लास्टिक, आतलं लायनर, मागचं चिखलरोधक रबर आणि सस्पेन्शनचे दांडे यांवर ओल्या गेरूचा पातळ हात फिरवा. घासलं की टायरवर लाल डाग पडतो आणि गेरूत रेघ उठते. कुठे घासलं याबद्दल मग वाद राहत नाही.

ख. गाडीत चार माणसं बसवा किंवा तेवढ्या वजनाची पोती टाका. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवून पुढे जा, मग मागे या. मग पूर्ण उजवीकडे. मागे घेताना टायर वेगळ्या बाजूला ओढला जातो, आणि फक्त पुढे जाऊन पाहणाऱ्याला हे घासणं दिसत नाही.

ग. जिथे नवं चाक आहे, ते शेताच्या बांधावर किंवा उंच फरसबंदीवर तिरकं चढवा, इतकं की मागचं त्याच बाजूचं चाक हलकं होईल. हँडब्रेक लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा. मगच गाडीत बसलेल्याने इंजिन चालू ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावं. तुम्ही बाजूने पाहा. गाडीखाली जाऊ नका, चाकाच्या कमानीत हात घालू नका.

घ. उतरवल्यावर टॉर्चने ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर तपासा.

ताम्हिणीत मला जे कळलं, ते ‘ग’ पायरीवर दहा मिनिटांत कळलं असतं.

घासलं तर? लायनरला हलकंसं, फक्त पूर्ण वळवल्यावर घासत असेल, तर क्लिप सरकवून किंवा प्लास्टिकची कड कापून काम होतं. दांड्याला लागत असेल, तर ऑफसेट बदलायला हवा. पत्र्याला लागत असेल, तर माप चुकलं आहे, लहान घ्या.

लिफ्टबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. लिफ्टमुळे उभी गाडी उंच दिसते, पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक जिथे जायचं तिथेच जातं. ते थांबवतो बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शनला शेवटी अडवणारा ठोकळा. बंप स्टॉपची उंची न बदलता केलेली लिफ्ट घासणं थांबवत नाही, पुढे ढकलते.

तपासा: गेरूवर एकही रेघ नाही, किंवा आहे ती फक्त कापता येण्याजोग्या प्लास्टिकवर. तरच पुढे.

## ९. पाच चाकं, चार नाहीत

स्टेपनी जुन्या मापाची ठेवून पैसे वाचवणारे खूप आहेत. जिमनी आणि थार या दोन्ही गाड्यांत फोर व्हीलची रचना पार्ट टाइम, म्हणजे गरजेपुरती जोडायची आहे. पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. फोर व्हीलमध्ये असताना चारही चाकं एकाच व्यासाची हवीत. एक जरी वेगळं असेल, तर तो फरक ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारी गिअरची पेटी) आणि शाफ्ट यांच्या अंगावर जातो. रानात पंक्चर झालं, जुन्या मापाची स्टेपनी लावली, आणि चिखलातून निघायला फोर व्हील टाकावंच लागलं, की नेमका हा प्रसंग येतो. पुढे दोन नवे, मागे दोन अर्धे झिजलेले हेही त्याच कारणाने चालत नाही. पाच एकत्र घ्या आणि अदलाबदलीतही पाचही फिरवा.

मोठी स्टेपनी मागच्या दारावर लटकते. दार उघडताना बिजागरी करकरते का, स्टेपनीची खालची कड बंपरला टेकते का, हे पाहा. चाक बरंच जड असेल, तर काही महिन्यांनी दार खाली येतं आणि कडी लागेनाशी होते.

## १०. कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील मूळ बनावटीपासून वेगळा होईल असा फेरफार गाडीत करता येत नाही. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलच्या कुठल्याही प्रकारात दिलेलं माप हे सगळ्यात निर्धोक. त्यापलीकडे जायचं असेल, तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरला वॉरंटीबद्दल विचारा, तेही लेखी. तोंडी ‘चालतंय की’ याचा अपघातानंतर काही उपयोग होत नाही. जुन्या रिम आणि त्यांचे नट विकू नका.

## ११. बसवल्यानंतरचे पहिले शंभर किलोमीटर

नट एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने घट्ट करा. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतका. नवी अलॉय रिम पहिल्या काही किलोमीटरमध्ये थोडी बसते. म्हणून ५० ते १०० किलोमीटरनंतर, चाकं थंड झाल्यावर, सगळे नट पुन्हा पान्याने तपासा. दुकानातून निघतानाच फोनवर त्याची आठवण लावा.

अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटची उंची पाहा.

हवेचा आकडा खडूने पडताळा. नक्षीवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर सरळ पन्नासेक मीटर चालवा, उतरून पाहा. रेघ फक्त मधून पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांवरून पुसली गेली तर कमी. दोन-दोन पीएसआयने बदलत सारखी पुसली जाईपर्यंत करा, पण बनवणाऱ्याच्या तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. तो आकडा दाराच्या आत चिकटवून ठेवा. कच्च्या रस्त्यावर हवा कमी केली असेल, तर डांबरावर येताच परत भरा. त्यासाठी छोटा काँप्रेसर गाडीतच असू द्या.

मीटरची चाचणी हायवेवर करा. शेजारी बसलेल्याने फोनवरचा जीपीएस वेग वाचायचा, तुम्ही मीटर ६० वर आणि नंतर ८० वर स्थिर ठेवायचा. मूळ टायरवर मीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे दीड टक्का वाढीनंतर तो कधीकधी अचूकच निघतो. पाच टक्क्यांच्या वाढीत मात्र तो कमी दाखवू लागतो. तसं झालं, तर मीटरवर किती दिसलं की खरे ८० होतात, तो आकडा काढून घरातल्या प्रत्येक चालकाला सांगा.

पहिल्या मोठ्या पावसाच्या फेरीनंतर गाडी धुताना चारही कमानींच्या आत पाण्याचा फवारा मारा आणि टॉर्चने बघा. गेरूच्या चाचणीत न सापडलेलं घासणं इथे चकचकीत पट्ट्यासारखं दिसतं, कारण बाकी सगळीकडे चिखलाचा थर असतो आणि टायर लागतो तिथे तो राहत नाही.